रायफलवाल्याच्या पुढे

म्फुवे, १४ एप्रिल २०१८

श्री. एफ्राइम जेरे,

लुआंग्वा नदीचा पूर उतरला, रस्ता उघडला, आणि सफारीचा कॅम्प पुन्हा बांधायला घेतला आहे. तुझ्या तीन वस्तू कोठीत राहिल्या होत्या : हिरवा रेनकोट, पत्र्याचा मग आणि बुटांची जोडी. या बुटांचा डावा तळ तू दोन वर्षं ‘बदलतो, बदलतो’ म्हणत होतास. तुमच्या गावच्या न्झिमाच्या मिनीबसने त्या पाठवत आहे. मिळाल्या की त्याला सांग. मला फोन करायची गरज नाही. मी केलेले सहा फोन तू उचलले नाहीस, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

या वर्षी गवत चांगलं आहे. खोल्यांच्या गवती भिंती आठ दिवसांत उभ्या राहतील. नदीने किनाऱ्याचा मोठा तुकडा खाल्ला, म्हणून जेवणाची जागा वीस पावलं मागे घेतली. तुझ्या जागी सायलस नावाचा रायफलवाला आला आहे. वक्तशीर आहे, रायफल स्वच्छ ठेवतो आणि प्रत्येक गोष्टीला ‘येस, मॅडम’ म्हणतो. मी म्हटलं, पूर्वेकडून चालू, तर येस मॅडम. मी म्हटलं, नको, पश्चिमेकडून, तरी येस मॅडम.

जानेवारीत लेव्हीच्या अंत्यविधीला आलास, त्याबद्दल आभार मानायचे राहिले होते. पांढरा शर्ट घालून आलास. पुरुषांच्या रांगेत बसलास. माझा हात हातात घेऊन म्हणालास, “मॅडम, देव तुम्हाला बळ देवो.” सगळ्यांनी पाहिलं. माझ्या नणंदेने विचारलंही, “हाच का तुझा तो न्गोनी? हा तर पाद्रीबुवा निघाला!”

तू नीट वागलास. त्यात नाव ठेवायला जागा नव्हती.

सप्टेंबरच्या चौकशीबद्दल मला काही लिहायचं नाही. ती फाईल बंद झाली आहे. फॉर्ममध्ये जे विचारलं होतं, त्याची उत्तरं मी दिली.

प्रिस्का चिसांगा


म्फुवे, ९ मे

एफ्राइम,

वस्तू पोचल्याचं न्झिमाने सांगितलं. त्याच्या मते तू बूट घेतलेस, मग घेतलास, रेनकोट बायकोला दिलास आणि पत्र न उघडता टोपीत ठेवलंस. हे दुसरं पत्रही टोपीत जाणार असेल तर जाऊ दे. टोपी मोठी आहे.

पत्र देताना न्झिमा काय म्हणाला, ते सांगते. बसच्या खिडकीतून त्याने पाकीट हुंगलं आणि सगळ्या उतारूंना ऐकू जाईल असं ओरडला, “अरे देवा, बेंबाचं पत्र! खिडक्या उघडा, माकडाच्या रश्श्याचा वास सुटलाय!” मी म्हटलं, “तुझ्या दातांत अडकलेली उंदराची शेपटी आधी काढ, मग बोल.” बसमधली माणसं हसली. एका म्हातारीने टाळी दिली.

हे सारं अर्ध्या मिनिटात आटोपलं. मी कॅम्पवर परत आले आणि माझ्या लक्षात आलं की सप्टेंबरपासून माझ्याशी असं कुणीच बोललं नव्हतं. इथे मी मॅडम आहे. मी आले की स्वयंपाकघरातलं हसणं थांबतं. माझी मक्याची न्शिमा झाकून, चमच्यासकट, वेगळ्या टेबलावर ठेवतात. लेव्ही होता तेव्हा सुटीत घरी गेलं की तो तरी म्हणायचा, आली बाई फौजदार. आता घरीही कुणी नाही.

नवे पाहुणे आले की पहिल्या संध्याकाळी मी जे सांगायचे, ते तुला पाठ आहे. हा न्गोनी आणि मी बेंबा. आमच्या खापरपणज्यांनी एकमेकांना भाल्यांनी मारलं. मग दोघांनाही कंटाळा आला आणि ठरलं की यापुढे फक्त शिव्या द्यायच्या. तेव्हा हा मला माकडखाऊ म्हणाला, मी त्याला उंदीरखाऊ म्हटलं, तर घाबरू नका. हे आमचं थट्टेचं नातं आहे. यात राग धरायला बंदी आहे, आणि एकाकडे मयत झालं की दुसऱ्याने येऊन नाचायचं, थट्टा करायची. पाहुण्यांना फार गंमत वाटायची. या वर्षी ते भाषण मी गाळलं. सायलस आमच्याच बाजूचा, बेंबा आहे.

आता खरं कारण. हॉलंडहून पत्र आलं आहे. आपल्या पाहुण्या आन्नेलीस बाईंचं. कमरेचं दुसरं ऑपरेशन झालं, काठी घेऊन चालतात. तक्रार काही नाही. पण शेवटी असं लिहिलं आहे :

“झोपून राहिल्यामुळे ती सकाळ पुन्हा पुन्हा आठवते. पुढचा माणूस थांबला. मागे न वळता तुमच्या भाषेत काहीतरी बोलला. तुम्ही हसलात, काहीतरी उत्तर दिलंत आणि आपण पुढे निघालो. तो काय म्हणाला होता? मला उगाच वाटत राहतं की तो विनोद मलाही कळला असता तर बरं झालं असतं.”

मी त्यांना लिहिलं की मला आठवत नाही.

हे खोटं आहे, हे तुला माहीत आहे. म्हणून तुलाच सांगते.

प्रिस्का


म्फुवे, २ जून

एफ्राइम,

मी शिकलेली बाई आहे. किलिमांजारोच्या पायथ्याशी कॉलेजात बत्तीस पुरुषांत एकटी होते आणि पहिल्या पाचांत आले. घटना कशी लिहायची ते तिथे शिकवलं होतं : वेळ, जागा, वारा, माणसं, जनावर. तशी लिहिते. मागच्या वेळी लिहिली नव्हती.

वेळ सकाळी साडेसात. जागा दुसऱ्या डोहाची वरची कड. वारा आपल्या पाठीवर. रांगेत सर्वांत पुढे तू, मग मी, मग आन्नेलीस, तिचा नवरा, दोघे जर्मन आणि शेवटी चहाची पेटी घेऊन डाका. चहाची जागा समोर दोनशे पावलांवर होती. मध्ये दाट झाडी.

त्या झाडीतून पक्षी उडाले. रानरेड्याच्या अंगावरचे किडे टिपणारे, लाल चोचीचे. तू थांबलास. म्हणालास :

“माकडखाऊ, आत म्हातारा रेडा बसलाय. एकटा. वळसा घाल. नाहीतर तुझ्या मयताला मला नाचावं लागेल, आणि माझा गुडघा दुखतोय.”

मी हसले. म्हटलं, “उंदीरखाऊ, तुझ्या वासाने तो बिचारा लपून बसला असेल.” आणि तुझ्या डाव्या बाजूने पुढे गेले.

रायफलवाल्याच्या पुढे जायचं नाही, हा पहिला नियम. एकोणीस वर्षं मी तो पाहुण्यांकडून पाठ करून घेतला. स्वतः पुढे गेले आणि पाहुणे माझ्यामागे आले, कारण गाईडच्या मागे जायचं हेही मीच शिकवलं होतं. रेडा निघाला तेव्हा मी मुसांगूच्या खोडाआड उडी मारली. आन्नेलीसला उडी मारता आली नाही. तुझ्या आणि त्याच्या मध्ये आम्ही सगळे होतो. तुला बाजूला पळत जाऊन नेम धरावा लागला. दोन गोळ्या. दोन्ही बरोबर बसल्या, पण उशिरा.

फॉर्मवर दोन प्रश्न होते. रायफलवाल्याने धोक्याची सूचना दिली होती का? मी ‘नाही’वर खूण केली. गाईड रायफलवाल्याच्या पुढे गेला होता का? ‘नाही’. पाहुण्यांना काही नीट सांगता येईना आणि डाका म्हणाला, मी मागे होतो, मला दिसलं नाही.

मी स्वतःला समजावलं की थट्टा म्हणजे सूचना नव्हे. त्या आठवड्यात तू दोनदा मला फसवलं होतंस. सोमवारी ‘सिंह’ म्हणालास आणि ते वारूळ निघालं. पाहुणे पोट धरून हसले. मग तिसऱ्या वेळी मी का विश्वास ठेवावा? लेव्हीचं डायलिसिस चालू होतं. परवाना गेला असता तर लुसाकाचं घर सोडावं लागलं असतं. हे सगळं खरं आहे.

पण ज्याच्या जोरावर मी त्या दोन खुणा केल्या, ते वेगळंच होतं. तू बोलणार नाहीस, हे मला माहीत होतं. थट्टेच्या भावाविरुद्ध कचेरीत तक्रार करायची नसते. तुमच्यात ती लाज मानतात, आमच्यातही. साहेबाने तुला विचारलं, “तुझं काही म्हणणं?” तू म्हणालास, “मॅडमनी लिहिलंय ते लिहिलंय.”

मॅडम. तिथूनच सुरू झालं.

प्रिस्का


म्फुवे, २० जून

एफ्राइम,

न्झिमा म्हणतो, आता पत्रं टोपीत मावत नाहीत. म्हणजे तू ती वाचतोस की नाही, हे त्याला सांगता आलं नाही. मी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारायला गेले तेव्हा तो टायर बदलत होता.

“काय हो बेंबाबाई, आमच्या म्हाताऱ्याच्या प्रेमात पडलात की काय? त्याची बायको कुऱ्हाड घेऊन येईल हं!”

मी हसले नाही. म्हटलं, “न्झिमा, तो गावात काय करतो?”

“शेंगदाणे लावलेत. कोंबड्यांना ओरडतो.”

“माझ्याबद्दल काही बोलतो?”

त्याने पाना खाली ठेवला, हात पँटला पुसले. “मॅडम, आता थट्टेत नाही सांगत. गावात लोक त्याला विचारतात, तुझ्यामुळे गोरी बाई मेली म्हणे. तो सांगतो, मेली नाही. एवढंच सांगतो. पंचवीस वर्षं सरकारी रायफल वागवलेला माणूस. रानडुकरं हाकलायला याने मेव्हण्याची साधी ठासणीची बंदूक मागितली, ती याला द्यायची का, यावर पंचांत चर्चा झाली. आंधळ्याच्या हाती बंदूक नको, असं एक जण म्हणाला. याच्या तोंडावर.”

“मग हा काय म्हणाला?”

“उठून कोंबड्या कोंडायला गेला.”

हे मला तू सांगितलं नसतंस.

मागच्या पत्रात मी घटना लिहिली आणि तरी एक गोष्ट गाळली. काल ती समोर आली. सायलसबरोबर चालत होते, सहा पाहुणे मागे. तो थांबला, खांद्यावरची रायफल हातात घेतली आणि म्हणाला, “मॅडम, परवानगी असेल तर सांगतो, समोर सिंहीण आहे.” मी त्याचं वाक्य संपायच्या आधी थांबले होते. रायफल खांद्यावरून उतरलेली पाहिली तेव्हाच थांबले होते.

थट्टा करताना तुझी रायफल खांद्यावरच असायची. सोमवारी वारुळाजवळ ती खांद्यावर होती. त्या सकाळी ती तुझ्या हातात होती, एफ्राइम, आणि मी ती पाहिली होती.

मग का गेले? पाच मिनिटं आधी आन्नेलीसने मला विचारलं होतं, “कुठून जायचं ते कोण ठरवतं, तो की तुम्ही?” मी म्हटलं होतं, “मी.” आणि पाच मिनिटांत तू मला वळसा घालायला सांगितलास. बस, एवढंच. थट्टा आहे असं मला वाटलं नव्हतं. थट्टा आहे असं दाखवणं मला सोयीचं होतं.

परवाना समितीला आज अर्ज पाठवला : आधी दिलेला जबाब चुकीचा आहे, पुन्हा द्यायचा आहे. ते तुलाही बोलावतील. यावं की न यावं हे तुझं तू ठरव. पण आलास तर या वेळी विचारल्याचं उत्तर दे. तुला आदेश देण्याचा अधिकार मला उरलेला नाही, तरी देते.

प्रिस्का


चिपाटा, १७ जुलै

एफ्राइम,

तू तिथे होतास, तरी लिहिते. आत आल्यावर तू सगळा वेळ खिडकीबाहेर पाहत होतास आणि काय काय झालं ते तुला दिसलं नसेल.

तुला आत बोलावण्याआधी त्यांनी मला तासभर विचारलं. अध्यक्ष म्वीम्बा साहेब टोंगा जमातीचे आहेत, शांत माणूस. म्हणाले, “बाई, दहा महिने झाले. तुमच्यावर कुणी आरोप केलेला नाही. तुमचे पती वारले आहेत. दोन वर्षांत निवृत्त व्हाल. पुन्हा एकदा विचार करा.” मी म्हटलं, विचार झाला आहे, लिहून घ्या.

कारकुनाने लिहायला घेतलं. तुझ्या वाक्यावर आला आणि थांबला. “मॅडम, हा पहिला शब्द आणि ते मयताला नाचण्याचं काढून टाकू का? सरकारी कागद आहे. ‘रेडा आहे, वळसा घाला’ एवढं पुरे.”

मी म्हटलं, “मागच्या वेळी मी त्याचं सगळं बोलणं काढून टाकलं होतं. आता त्यातलं काहीही काढायचं नाही.”

त्याने लिहिलं आणि वाचून दाखवलं. शेतसाऱ्याची नोटीस वाचावी तशा आवाजात तो म्हणाला, “माकडखाऊ, आत म्हातारा रेडा बसलाय.” दारातला शिपाई तुमच्यातला असावा. तो फसकन हसला आणि खोकला आल्याचं सोंग केलं. मी सही केली. रायफल हातात होती, हेही त्यात आहे. मी पुढे गेले, हेही आहे.

मग तू आलास. तोच पांढरा शर्ट.

“जेरे, तुम्ही हे म्हणाला होतात?”

“होय, साहेब.”

“मग मागच्या वेळी का नाही बोललात? तुमची नोकरी गेली, माणसा!”

“साहेब, त्या बेंबा आहेत. मी न्गोनी. त्यांच्यावर तक्रार कशी करणार?”

म्वीम्बा साहेबांनी मान हलवली. बाजूच्या दोघांनीही. या देशात हे उत्तर कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आणि मी दहा महिने ह्याच उत्तराच्या आडोशाला उभी होते.

निकाल तुला कळला. लेखी येईल. तुझ्यावरचा ठपका काढला, पहिल्या तारखेपासून रुजू व्हायचं आहे. पत्राची एक प्रत गावच्या मुखियाला पाठवा, असं मी सांगितलं आहे. ती पंचांत वाचून दाखवायची असेल तर न्झिमाला वाचायला लाव, त्याचा आवाज मोठा आहे. माझा परवाना कायमचा गेला. आन्नेलीसलाही तू काय म्हणाला होतास ते कळवलं. शब्दशः.

बाहेर व्हरांड्यात मी मुद्दाम थांबले होते, ते तुझ्या लक्षात आलं असेल. नऊ-दहा महिन्यांच्या शिव्या साठल्या असतील, असं मनात धरून थांबले होते. तू टोपी काढलीस. म्हणालास, “येतो, मॅडम. प्रकृतीला जपा.” आणि बसकडे गेलास. मी तुला हाक मारली नाही. काय म्हणून मारणार होते? तो शब्द मी वापरू शकत नाही आणि दुसरा कुठला मला सवयीचा नाही.

आता कामाचं. मी शनिवारी कॅम्प सोडते. लुसाकाला जाईन, घर उघडावं लागेल. तू येशील तेव्हा रायफल सहीआधी स्वतः तपासून घे. हंगामभर शस्त्रागारात पडून होती, कुणी तेल घातलं नसणार. दुसऱ्या डोहाची कड पावसात ढासळली आहे, जुन्या वाटेने जाऊ नकोस. गुडघ्याला पट्टा बांध, लाज वाटून घेऊ नकोस.

माझ्या जागी मुबिता नावाचा गाईड येतो आहे. चौतीस वर्षांचा, चांगला शिकलेला, पक्ष्यांची माहिती माझ्यापेक्षा जास्त. तो लोझी आहे. त्यांचं थट्टेचं नातं टोंगांशी, तुमच्याशी नाही. त्याला माकडखाऊ म्हणालास तर तो गोंधळेल. मयताला नाचण्याचं बोललास तर घाबरेल.

त्याला नुसतं ‘थांबा’ म्हण. तो थांबेल.

प्रिस्का